राजगिऱ्याचा शिंपला

चोलुलात पहाटे साडेतीनला
अजून उठतो माझा बाप.
भट्टी विकून तीन वर्षं झाली,
डाव्या पायाचं एक बोटही गेलं साखरेपायी,
पण हातांना कोण सांगणार?
खाटेच्या कडेला बसून
तो अंधारच मळत राहतो.

एर्मिलो तेकुआपेत्ला.
त्याच्या हातचे शिंपले खाऊन
या गल्लीतल्या दोन पिढ्या शाळेत गेल्या.
कोंचा म्हणतात इथे : फुगीर गोल पाव,
वर साखरेचं कवच,
कवचावर समुद्राच्या रेघा.
समुद्र बापाने आयुष्यात एकदाच पाहिला, वेराक्रूझला.
वाळूतला एक शिंपला उचलून निरखला
आणि म्हणाला,
रेघा चुकल्यात.

मी सेनाइदा, औषधाच्या दुकानात काम करते,
ग्रॅमच्या खाली मोजणारी.
डॉक्टरीणबाईंच्या कागदावर
पहिली फुली कोंचावर होती.
कागद फ्रिजला चिकटवला,
आणि ठरवलं, शिंपला घरीच करायचा,
बापाला सोसेल असा.

पहिल्या रविवारी कोंड्यासकट गहू, साखर निम्मी.
बापाने पाव टेबलावर आपटून पाहिला.
"दाराला अडसर म्हणून चालेल."
दुसऱ्या रविवारी
चरबीच्या जागी पिकलेलं केळं.
"हे केळंच आहे. पावाचं सोंग घेतलंय."
तिसऱ्या रविवारी दुकानातली ती पांढरी पूड,
जिची गोडी जिभेवर नाण्यासारखी पडून राहते.
तो काही बोलला नाही.
उठून कोंबड्यांना घालून आला.
कोंबड्यांनीही जरा विचार केला.

मग एका सोमवारी
त्याची टोपी झटकायला घेतली
तर घडीतून सांडला गुलाबी चुरा.
ज्याने भट्टी विकत घेतली
त्याच्याच दुकानातला.
मी ओरडणार होते.
टोपी तशीच खुंटीला लावली.
स्वतःच्याच ओट्यावर
गिऱ्हाईक होऊन उभा राहताना
काय वाटलं असेल त्याला?

त्या रात्री मी राजगिरा आणला.
इथले जुने लोक याचे देव घडवत
आणि देवच वाटून खात.
पीठ काट्यावर ठेवलं,
तेवढ्यात पाठीमागून घसटत चालल्याचा आवाज :
"तो काटा आधी उचल."
बापाने कोपरापर्यंत हात धुतले.
दोन मुठी राजगिरा, बाकी नेहमीचं पीठ,
अंडी तीन, दूध बोट सोसेल इतकं,
साखर, मी मोजली असती त्याहून कमी.
"लोणी?"
"थोडं. आपण काय आजाऱ्यासाठी करतोय?"
मी त्याच्याकडे पाहिलं,
त्याने पिठाकडे.
"आता रात्रभर गारठ्यात ठेव.
तुला घाई असते, पिठाला नसते."

पहाटे गच्चीवर राख पडली होती.
डॉन गोयो, आमचा ज्वालामुखी,
झोपेत खोकला असावा.
बाप गोळ्यांवर कवच पसरत होता
कांद्याच्या पापुद्र्याइतकं,
खालचा पाव दिसेल असं.
मग उशाखालून काढला पत्र्याचा साचा.
मला वाटलं होतं, तोही भट्टीबरोबर गेला.
दाबला, किंचित फिरवला,
आणि रेघा उमटल्या.
बरोबर.

अर्धाच खाल्ला त्याने, हळूहळू,
खिडकीकडे तोंड करून.
चांगला झाला म्हणाला नाही. तो कधीच म्हणत नाही.
दोन तासांनी बोट पुढे केलं, न सांगता.
एकशे एक्केचाळीस.
भट्टीचा ताप पाहावा तसा
आकडा पाहत राहिला.

"उद्या दालचिनी कमी घाल,"
म्हणाला, आणि टोपी डोक्यावर चढवली.
दारात थबकून ती पुन्हा काढली,
आत-बाहेर झटकली,
माझ्यादेखत.